कथिलाचं नाक

कथील म्हटलं की आमच्या आईच्या पिढीला कल्हई आठवते. दारावर कल्हईवाला यायचा आणि पितळेची पातेली लख्ख करून द्यायचा. मला मात्र काचेची पट्टी आठवते. बोटाएवढी, आणि तिच्यावर जांभळा, हिरवा, पिवळा असा तेलाच्या तवंगासारखा रंग. तो रंग म्हणजे कथिलाच्या ऑक्साइडचा थर. इतका पातळ की बोट फिरवलं तरी हाताला काही लागायचं नाही. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात, फिजिक्स डिपार्टमेंटच्या अगदी टोकाच्या खोलीत, मी असे थर बनवण्यात माझं तरुणपण घालवलं. बरोबरीच्या मुली त्या वयात सिनेमे बघत होत्या आणि मी काच तापवत बसले होते. पश्चात्ताप वगैरे काही नाही हं. झकास दिवस होते ते.

हे थर कशासाठी, तर गॅस ओळखायला. आईला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे एवढं एमेस्सी करून पोरगी शेवटी कल्हईच करायला लागली म्हणायची." त्या दिवसापासून घरात माझं नाव कल्हईवाली पडलं. धाकटा भाऊ तर लँडलाइनवर माझ्यासाठी फोन आला की ओरडायचा, "कल्हईऽऽवाली, तुझा फोन!" पलीकडे आमचे सर असले तरी ओरडायचा, गाढव.

काम तसं स्वयंपाकासारखंच. कथिलाचं क्लोराइड पाण्यात विरघळवायचं, थोडं आम्ल घालायचं, आणि ते द्रावण फवारणीच्या पिस्तुलातून सणसणीत तापलेल्या काचेवर उडवायचं. एकदम उडवलं तर काच तडकते. हळू उडवलं तर थर सायीसारखा फाटतो. आंबोळी घालणाऱ्या बाईला जसा तव्याचा अंदाज लागतो, तसा इथे काचेचा लागतो, आणि तो कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. किती काचा वाया घालवल्या त्याची गणतीच नाही. सर म्हणायचे, "बाई, जरा दमानं घ्या, काच आहे, सवत नाही." मी चिडायचे आणि पुन्हा पिस्तूल उचलायचे. संध्याकाळी घरी आले की आई दारातच नाक मुरडायची. "आज पुन्हा तो आंबट धूर खाऊन आलीस. आधी आंघोळ कर, मग चहा मिळेल."

जमलेल्या थराला चांदीच्या रंगाने दोन तारा चिकटवायच्या, खालून गरम करायचा, वर काचेची बरणी पालथी घालायची आणि तारा मीटरला लावायच्या. मग बरणीत गॅस सोडायचा. थर तापला की हवेतला प्राणवायू त्याच्यावर ठाण मांडून बसतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. आगंतुक पाहुणा सोफा अडवून बसावा तसा. त्यामुळे वीज अडते. स्वयंपाकाचा गॅस आला की तो या प्राणवायूला घेऊन निघून जातो, सोफा मोकळा होतो, आणि वीज सुरळीत वाहायला लागते. मीटर विजेचा अडथळा मोजतो, त्याचा आकडा पडतो. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी वर्षं घालवली, आणि तो आकडा पडताना बघून दर वेळी माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असायची. सर एरवी देवाचं नाव काढायचे नाहीत, पण फवारणीच्या पिस्तुलाला झेंडूची माळ स्वतःच्या हाताने घालायचे. भट्टीला हळदकुंकू, मीटरसमोर पेढे. एका वर्षी घरच्यांनाही बोलावलं होतं म्हणून आई मुलुंडहून नटूनथटून आली. आरती झाली, कापूर जळला, आणि बरणीखालच्या माझ्या थराचा आकडा जो खाली कोसळला तो काही केल्या वर येईना. कापूर, उदबत्ती, कुणाचं तरी अत्तर, सगळंच त्याला एकदम लागलं होतं. हाच या थराचा मोठा दोष. त्याला वास येतो, पण कशाचा ते कळत नाही. जळणारं काहीही आलं की हा आपला हजर. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, तुमच्या सेन्सरच्या अंगात आलं."

हवा शांत झाल्यावर त्यांनी आईला दाखवायला म्हणून बरणीत जरासा गॅस सोडला. आकडा हलायच्या आधीच आई म्हणाली, "आला वास." सगळे हसले. पुन्हा केलं तर पुन्हा तेच. आईचं नाक होतंच तसं. दूध उतू जायच्या आधी तिला बाहेरच्या खोलीत कळायचं. कुणाच्या घरी बोंबील भाजतायत, कुणाची डाळ लागली, कुणी कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या, जिन्यातून वर येईपर्यंत तिला अख्ख्या बिल्डिंगची खबर लागलेली असायची. सर हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्हीच इथे नोकरीला या. हिला घरी बसवू." घरी जाताना आई बसमध्ये सारखी हसत होती. सरकारी ऑफिसात तिने इतकी वर्षं फायली सरकवल्या, पण अशी दाद तिला तिथे कधी मिळाली नव्हती.

ते दिवस गेले. सर गेले, ती खोली आता कॉम्प्युटरची झाली. मी लग्न करून अंधेरीला आले, कॉलेजात शिकवू लागले. भावाने कांदिवलीला मोठा फ्लॅट घेतला. बाबा गेल्यावर आई मुलुंडच्या घरात एकटी राहू लागली, आणि ते तिला आवडायचं. स्वयंपाकघर तिचं, ओटा तिचा. रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला. तिच्या ओट्याशी कुणी लुडबुड करायची नाही. मी फोडणी घालायला गेले तर माझा हात बाजूला सारायची. "तू तुझ्या काचा तापव."

मग ती साथ आली. आईला ताप आला, ओसरला, ऑक्सिजनबिक्सिजनची वेळ आली नाही. देवाची कृपा म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण जाताना ताप तिचं नाक घेऊन गेला. बाकीच्यांचं परत आलं. आईचं आलं नाही. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायला सांगितलं. ती हुंगायची. विचारलं की म्हणायची, "येतो गं, थोडा थोडा येतो आता." आम्हाला बरंच वाटायचं. बरं वाटून घेणं सोयीचं होतं.

आणि एक दिवस दूध उतू गेलं, त्याने बर्नर विझला, आणि गॅस तसाच सुरू राहिला. आई तिथेच, ओट्यापासून दोन हातांवर, मटार सोलत बसली होती. शेजारच्या काकूंना जिन्यात वास आला म्हणून त्यांनी बेल वाजवली, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही नको. काकूंनी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि भावाला फोन लावला. झालं! तो तासाभरात हजर.

"बास आई, खूप झालं. इथला गॅस बंद. तू कांदिवलीला चल. इंडक्शन आहे, स्वयंपाकाला बाई आहे. आराम कर."

"आराम म्हणजे काय करू?" आई म्हणाली. "सोफ्यावर बसून त्या बाईच्या पोळ्या मोजू?"

"जीव गेला असता तुझा!"

"आणि तिथे काय राहणार आहे माझा?"

दोघंही एका मातीचे, हटून बसले. मला त्याचंही पटत होतं आणि तिचंही. पण आईचा चेहरा बघितला आणि कळलं, हिला या ओट्यापासून उचललं तर ही चार महिन्यांत म्हातारी होईल. मी म्हटलं, मला एक संधी दे. मी अलार्म लावते. भाऊ हसला. "तुझी कल्हई?" मी म्हटलं, हो, माझी कल्हई. अर्थात स्वतः फवारलेला थर नाही लावला. आईच्या जिवाशी असले प्रयोग करण्याइतकी मी वेडी नाही. बाजारातून चांगला तयार अलार्म आणला. पण त्याच्या पोटात तेच होतं, तापलेलं कथिलाचं ऑक्साइड. दुकानात खोका हातात घेतला तेव्हा मला भरून आलं, खरंच. आमच्या टोकाच्या खोलीतलं भूत किती लांब जाऊन आता प्लॅस्टिकच्या डबीत बसून विकायला आलं होतं.

भावाने अट घातली, दिवाळीपर्यंत बघू. तोवर काही गडबड झाली नाही तर आई मुलुंडला. झाली, तर बॅग भरायची. आईने मान डोलावली.

पूर्वी सिलिंडर होता, त्याचा गॅस जड, खाली बसायचा. आता पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. म्हणून अलार्म छताजवळ लावला. आईला सगळं समजावलं. गॅसला खरं तर स्वतःचा वासच नसतो, गळती कळावी म्हणून त्यात वास मुद्दाम घालतात, हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी सोय केली लोकांनी, आणि माझाच पत्ता नाही."

पहिल्याच आठवड्यात तिचे फोन सुरू झाले. फोडणी घातली की वाजतं. आरतीला कापूर लावला की वाजतं. बाईने फिनेलने लादी पुसली, वाजलं. काकू सेंट मारून आल्या, वाजलं. "भारी चोंबडं आहे गं हे तुझं नाक. कुणाच्या घरात काय शिजतंय याची याला उठाठेव." मी हसून म्हटलं, आई, त्याला भेद कळत नाही, त्याचा स्वभावच तो, एक्झॉस्ट लाव, सवय होईल. मग फोन कमी झाले. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, "नाही वाजत आता. शहाणं झालंय." मला काय आनंद झाला! भावाला लगेच मेसेज केला, बघ, म्हटलं होतं ना.

दिवाळीच्या आदल्या रविवारी आम्ही दोघंच तिच्याकडे गेलो. मी चिवडा करायला, भाऊ आकाशकंदील लावायला. कंदिलाची वायर काढायला तो स्वयंपाकघरात आला, वर बघितलं, आणि तिथेच उभा राहिला.

"ताई, इकडे ये."

अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी घातली होती. नीट, घट्ट, वरून दोन रबरबँड. आतून हिरवा दिवा शांतपणे चमकत होता. त्या बिचाऱ्याला हवाच लागत नव्हती, तर वाजणार कुठून?

"हे कुणी केलं?" भाऊ म्हणाला.

"मी," आई म्हणाली. "तेलकट होतं रे ते. धूर बसतो. मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या मुठीला आहे, रिमोटलाही पिशवी घातली आहे. मग याला नको?"

मला हसू फुटलं. आता या बाईला काय म्हणावं! आमच्या घरात नवीन वस्तू आली की आधी तिला कपडे शिवतात. पण भाऊ हसला नाही. "स्टुलावर चढलीस? या वयात? आणि ताई, तुझं ते शहाणं झालेलं नाक हे होय? वाट लागली असती हिची, आणि आपण तिकडे खुशीत!" मग आईकडे वळून म्हणाला, "आता वाद नको. अट ठरली होती. बॅग भर."

आई पदराने ओटा पुसू लागली, पुसलेलाच ओटा. मला वाटलं होतं भांडेल. ती भांडली नाही याचीच मला भीती वाटली.

मी स्टुलावर चढून पिशवी काढली. भावाला म्हटलं, थांब, आधी हे काम करतं की नाही ते तर बघ. खिडक्या सताड उघडल्या, देवघरातलं निरांजन विझवलं, आणि बर्नर न पेटवता गॅसचं बटण जरासं उघडून ठेवलं. हा उद्योग कुणी घरी करू नये, मी करते कारण मी हट्टी आहे. मला वास आला. भावाने नाकाला रुमाल लावला. आई मात्र आमच्याकडे बघत होती. गॅसकडे नाही, अलार्मकडे नाही, आमच्या तोंडांकडे.

"आला?" तिने विचारलं.

"आई, केवढा येतोय!" भाऊ म्हणाला. तेवढ्यात अलार्म कर्कश वाजायला लागला. मी बटण बंद केलं. तो वाजतच राहिला, आणि त्या आवाजात आई म्हणाली, "मला नाही रे. काहीच नाही."

"पण तू तर म्हणत होतीस, थोडा थोडा येतो," भाऊ म्हणाला.

"एकदाही नाही आला. त्या तापानंतर एकदाही नाही." तिचा आवाज चढला. "लवंग नाही, लिंबू नाही, तुझ्या लेकीचं डोकं हुंगलं तरी काही नाही. सगळे विचारायचे, मग काय सांगायचं रोज रोज? आणि हे मेलं वाजतं! हे वाजलं की मला कळतं, घरात काहीतरी दरवळतंय. फोडणी खमंग झालीय, कापूर छान जळतोय. याला कळलं, काकूंना कळलं, आणि मी इथेच उभी असून मला पत्ता नाही. दिवसातून चारदा ते ओरडून सांगतं मला. म्हणून झाकलं. तेलकट-बिलकट काही नाही."

ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी तिला धरून बसले. त्या थराबद्दल मला सगळं माहीत होतं, तो कशाने फसतो, कशाने बिघडतो. माणूस त्याच्याखाली उभं राहून काय ऐकतं, ते कधी मनातही आलं नव्हतं. भाऊ खिडकीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. अलार्म कधीतरी थांबला.

मग भाऊ वळला. नाक ओढत म्हणाला, "ठीक आहे. राहा इथेच. कुठे जाऊ नकोस. पण पिशवी नाही घालायची, आणि खोटं नाही बोलायचं. येत नाही तर येत नाही म्हणायचं."

"आणि तुम्ही?" आई म्हणाली.

"आम्ही काय?"

"तुम्ही खरं बोलता? गेल्या रविवारी आमटी कशी झाली होती?"

भावाने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"सांग ना रे. बोटं चाटत होतास."

"हिंग जरा जास्त होता," तो म्हणाला.

"जरा?"

"आई, अगं..." त्याने एकदाचं सांगून टाकलं. "डोकं उठतं हिंगाने. वर्षभर. घरी गेल्यावर कपड्यांनाही येतो."

मला वाटलं, आता ही कोसळते. आईने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घालून होकार दिला, आणि ती कडाडली. "मेल्यांनो! वर्षभर गिळत बसलात आणि एकाने तोंड उघडलं नाही? मला वास लागेना म्हणून मी चिमटीवर चिमटी घालत सुटले, आणि तुम्ही आणखी वाढ म्हणत होतात?" आणि बोलता बोलताच ती हसायला लागली. आम्हीही. डोळे तिघांचेही भरलेले, पण त्या घरात किती दिवसांनी कुणीतरी मोकळं हसत होतं.

मग ती उठली. म्हणाली, डाळ शिजलेली आहे, फोडणी तेवढी राहिलीय. कढल्यात तेल तापवलं, मोहरी टाकली, ती तडतडली. नेहमीच्या सवयीने मी मागे सरकले. तर आईने माझं मनगट धरलं आणि मला ओट्याशी, अगदी कढल्याच्या वर ओढलं.

"इथे उभी राहा. तू पुरे म्हण, मी थांबते."

तिने डबी उघडली. चिमटीत एवढासा हिंग घेतला, दिसेल न दिसेल असा, आणि घाबरत तेलात सोडला. अलार्म वाजायला लागला. कुणी वर बघितलं नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पुरे?"

"नाही आई," मी म्हटलं, "अजून घाल."